नागपुरात झाडछाटणीचा व्यवसाय सुरू करताना अवजारे आणि गाडी कशी निवडावी

नागपुरात मोठ्या झाडांच्या छाटणीचे काम बाराही महिने थोडेफार मिळते, पण फोन खणखणतात ते मेच्या अखेरीस. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपता संपता संध्याकाळी वावटळ उठते, अर्ध्या तासात गुलमोहराच्या चार फांद्या कोणाच्या तरी गाडीवर कोसळतात आणि पुढचे दोन-तीन आठवडे माणसाला जेवायला सवड मिळत नाही. त्या गर्दीच्या भरवशावर पुष्कळ जण कर्ज काढून मोठे मशीन आणि मोठी गाडी घेतात. दिवाळीपर्यंत मशीन कोपऱ्यात पडलेले असते आणि गाडीचा हप्ता मात्र चालू असतो. माझ्या मते चूक खरेदीच्या क्रमात असते. चढणारा माणूस ज्या सामानावर लटकतो ते सर्वांत आधी घ्यावे, त्याच्या हातातले मशीन त्यानंतर आणि गाडी सर्वांत शेवटी. गाडी निवडताना साइटवर काय न्यायचे आहे याचा फार विचार करू नये. खाली काय आणि किती पडणार आहे, आणि ते कुठे नेऊन टाकायचे आहे, यावरून ती ठरवावी.

खरेदीपूर्वी किमान दोन महिने दुसऱ्याच्या हाताखाली किंवा भाड्याच्या सामानावर काम करून आपल्या वाट्याला कोणती झाडे येतात याची वहीत नोंद ठेवावी, कारण या शहरात दर दोन किलोमीटरवर कामाची तऱ्हा बदलते. सिव्हिल लाइन्समध्ये जुने वड, कडुनिंब आणि पसरलेले रेन ट्री आहेत, पण खाली फांदी सोडायला मोकळी जागा असते. धरमपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर या भागांत आंबा आणि गुलमोहर कंपाउंडच्या भिंतीला टेकलेले असतात. फांदी थेट पाडली तर ती शेजाऱ्याच्या पत्र्यावरच जाते. महाल आणि इतवारीत झाड लहान असले तरी गल्लीत गाडी शिरत नाही, आणि वाड्याच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ काढायला चेनसॉपेक्षा, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीपेक्षा, छिन्नी-हातोडीच जास्त लागते. बेसा, मनीषनगरकडच्या नव्या लेआउटमध्ये झाडे कोवळी आणि काम सोपे, मात्र पावसाळ्यात काळ्या जमिनीत गाडी रुतते.

या हिशेबात कायदाही धरावा लागतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार महापालिकेच्या हद्दीत परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा देऊन अधिक संरक्षण दिले आहे. छाटणीसाठीसुद्धा उद्यान विभागाकडे अर्ज करून लेखी मंजुरी हातात आल्यावरच दोर बांधावा. याचा खरेदीशी संबंध असा की, रीतसर धंदा करणाऱ्याच्या वाट्याला अखंड झाड पाडण्याची कामे थोडी आणि फांद्या कमी करण्याची कामे पुष्कळ येतात. त्यामुळे दोन फूट जाडीचे खोड कापणारे मशीन पहिल्या वर्षी घेण्याचे कारणच उरत नाही.

आता चढण्याच्या सामानाकडे वळू. बाजारात सेफ्टी बेल्ट मागितला की दुकानदार बांधकामावरचा, पाठीवर कडी असलेला हार्नेस पुढे करतो. तो पडणाऱ्याला अडवण्यासाठी केलेला असतो, बसून काम करण्यासाठी नव्हे. झाडावर त्यात लटकून दहा मिनिटे करवत चालवून पाहावी: मांड्यांचे पट्टे रुततात, पाय बधिर होतात आणि माणूस घाईने काप घेऊ लागतो. छाटणीसाठी कमरेला रुंद गादी, मांड्यांना वेगळे पट्टे, दोन्ही बाजूंना कड्या आणि पुढच्या बाजूला दोर जोडण्याचा पूल असलेला बैठा हार्नेस हवा. आपल्याकडच्या अंगभर हार्नेसवर आयएस ३५२१ हे मानक लिहिलेले असते. बैठ्या हार्नेसवर ईएन ८१३ आणि ईएन ३५८ या युरोपीय मानकांचे शिक्के पाहावेत. शिक्का नसलेली वस्तू निम्म्या किमतीत मिळत असली तरी घेऊ नये. मी पहिला संच पुण्याहून मागवला, तेव्हा सोबतचे लोक हसले होते, कारण तेवढ्या पैशांत दोन चेनसॉ आले असते.

चढण्याचा दोर ११ ते १३ मि.मी. जाडीचा, आत गाभा आणि वर विणलेले कवच असा, ईएन १८९१ प्रकार ‘अ’ मध्ये बसणारा असावा. या प्रकारच्या दोराची ताकद किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २,२०० किलो असते. हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणारा निळा किंवा पिवळा प्लॅस्टिकचा दोर चढण्यासाठी कधीही वापरू नये. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतो, आणि गाठ दोरावरून वेगाने घसरली तर घर्षणाने तेवढी उष्णता सहज निर्माण होऊ शकते. पॉलिएस्टर त्या मानाने २५० अंशांपर्यंत टिकते. लांबीचा हिशेबही आधीच करावा. दोर फांदीवरून टाकून दुपदरी वापरायचा असेल, तर १५ मीटर उंचीच्या आधाराला ३० मीटर दोर नुसता वर-खाली जाण्यातच संपतो, म्हणून ४५ मीटरचा एक सलग दोर घ्यावा. याशिवाय कमरेभोवती खोडाला वेढा घालण्यासाठी पोलादी गाभ्याचा आखूड पट्टा हवाच, कारण चेनसॉ चालवताना माणूस दोन वेगळ्या ठिकाणी बांधलेला असला पाहिजे. साखळीने एक दोर कापला गेला तरी दुसरा शिल्लक राहावा, एवढाच त्यामागचा विचार आहे.

दोर तपासायला यंत्र लागत नाही. काम सुरू होण्यापूर्वी सावलीत बसून दोर दोन्ही हातांच्या चिमटीतून वीत-वीत पुढे सरकवावा, आणि दर वितीला थोडा वाकवून पाहावा. चांगला दोर सगळीकडे सारखाच गोल वळतो. एखाद्या जागी तो एकदम मोडल्यासारखा वळला, आत पोकळ लागला किंवा फुगीर वाटला, तर आतला गाभा दुखावला आहे असे समजून दोर तिथेच कापून टाकावा. कापलाच पाहिजे, नाहीतर तोच दोर चार दिवसांनी कोणीतरी पुन्हा वापरायला घेते. नागपुरात दोराचा मोठा शत्रू ऊन आहे: ४५ अंशांच्या उन्हात गच्चीवर वाळत घातलेला किंवा गाडीच्या काचेमागे पडून राहिलेला दोर वरून नवा दिसतो आणि आतून कमजोर होत जातो. दोराच्या पिशवीजवळ पेट्रोलचा डबा किंवा बॅटरीही ठेवू नये.

हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्याचे, जाळीचा पडदा आणि कानांवर बसणारे मफ असलेले घ्यावे. चेनसॉची साखळी अडवणारी पँट नागपूरच्या उन्हाळ्यात नकोशी वाटते हे खरे आहे. खाली काम करणाऱ्यांसाठी फक्त पुढून संरक्षण देणारी, मागून मोकळी पँट पुरते आणि ती त्या मानाने हवेशीर असते. झाडावर मात्र पाय कुठेही वळतो, म्हणून चौफेर संरक्षणाचीच लागते. उन्हाळ्यात पँट घालणार नाही म्हणणाऱ्याच्या हातात मी मशीन देत नाही. त्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये काम सकाळी ६ ला सुरू करून दहा-साडेदहापर्यंत आवरावे.

मशीन निवडताना सर्वांत आधी मशीन नसलेली दोन अवजारे घ्यावीत: तेरा-चौदा इंच पात्याची, म्यानात बसणारी वाकडी हातकरवत आणि लांब दांड्याची करवत. मनगटाएवढी फांदी चांगल्या हातकरवतीने दहा-पंधरा वेळा ओढली की उतरते, काप स्वच्छ येतो आणि झाडाची जखम लवकर भरते. घरगुती छाटणीतले निम्म्याहून अधिक काप मी आजही हातानेच घेतो. त्यानंतर ४५ ते ५५ सीसीचा, १६ किंवा १८ इंची बारचा (साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीचा) एक चेनसॉ जमिनीवरच्या कामासाठी घ्यावा. झाडावर वापरायचा, वर मूठ असलेला ३० ते ३५ सीसीचा लहान चेनसॉ तिसऱ्या क्रमांकावर येतो, आणि तोही चढण्याचे शिक्षण घेतलेला माणूस हाताशी असेल तरच. ती मूठ एका हाताने चालवण्याचा मोह घालते, आणि बारच्या टोकाचा वरचा भाग फांदीला लागून मशीन उसळले की एका हाताला ते आवरत नाही. ७० सीसीच्या वरचे मशीन वर्षातून चारदा लागते, म्हणून तेवढ्यापुरते भाड्याने आणावे.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या ५८ सीसी मशीनबद्दल मला नेहमी विचारले जाते. जमिनीवर पडलेले लाकूड कापायला ते काही महिने चालतेही, पण घेण्यापूर्वी साखळीचा ब्रेक खरोखर लागतो का, सुटे भाग नागपुरात मिळतात का आणि दुरुस्ती कोण करणार, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. ब्रँड स्टिल असो की हस्कवार्ना, ज्याचा मेकॅनिक आपल्याला तासाभरात गाठता येतो तो ब्रँड घ्यावा, आणि दुसरे मशीनही त्याच कंपनीचे घ्यावे, म्हणजे दोन्हींसाठी मेकॅनिक एकच राहतो.

आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पावसाळ्यात महिनाभर टाकीत राहिलेले मिश्रण कार्बोरेटरचे पडदे खराब करते. म्हणून चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलचे लिटरला २० मिलि या प्रमाणात आठवड्याला पुरेल इतकेच मिश्रण करावे आणि मशीन चार-सहा दिवस बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. धारेची पारख भुशावरून करावी: साखळी लाकडाचे चपटे तुकडे फेकत असेल तर धार आहे, आणि भुसा पिठासारखा बारीक पडू लागला की मशीन दाबत बसण्याऐवजी थांबून कानस घ्यावी. ३/८ इंची (हे साखळीच्या कड्यांमधल्या अंतराचे माप) नेहमीच्या साखळीला ५.२ किंवा ५.५ मि.मी.ची, ०.३२५ इंचीला ४.८ मि.मी.ची आणि लहान मशीनच्या हलक्या ३/८ साखळीला ४ मि.मी.ची गोल कानस लागते. चुकीच्या जाडीची कानस दाताचा आकारच बिघडवते. चिंच आणि बाभूळ कापताना धार फार लवकर जाते, म्हणून दोन साखळ्या जास्तीच्या जवळ ठेवाव्यात. बॅटरीवरचे चेनसॉ महाग पडतात, पण धंतोली-रामदासपेठेत दवाखान्याच्या खिडकीखाली काम करायचे असेल तेव्हा त्यांचा कमी आवाज उपयोगी पडतो.

फांद्या दोराने खाली उतरवण्याचे सामान वेगळे ठेवावे. चढण्याचा दोर त्या कामाला आणि ओझे उतरवलेला दोर चढायला कधीही वापरू नये. हा नियम मी एकदा ‘एकच काप आहे’ म्हणून मोडला. आंब्याची फांदी दोराने धरून ठेवली होती, पण दोर जिथून फिरवला होता ती जागा फांदीच्या बरीच खाली होती, त्यामुळे कापलेली फांदी आधी मीटरभर कोसळली आणि मग दोराला झटका बसला. दोर तुटला नाही. ज्या आधाराच्या फांदीवर कप्पी बांधली होती तीच फाटली आणि पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीची ग्रिल घेऊन खाली आली. ग्रिलचे पैसे गेले, आणि नवा चढण्याचा दोरही बाद झाला. मीटरभर पडलेल्या ओझ्याचा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे १४ ते १६ मि.मी.चा पॉलिएस्टरचा दोर, भक्कम कप्पी, ती बांधायला गोफ आणि खोडाला बांधून दोर हळूहळू सोडण्यासाठीचा घर्षणाचा खुंट एवढे सामान जोडीने घ्यावे, आणि कप्पी कापाच्या वर बांधावी.

वजनाचा अंदाज मात्र स्वतः काढता आला पाहिजे. कडुनिंबाचे ओले लाकूड जवळजवळ पाण्याइतके जड धरले, तर ६० सें.मी. जाडीच्या आणि एक मीटर लांबीच्या ओंडक्याचे घनफळ ०.२८ घनमीटर, म्हणजे वजन सुमारे २८० किलो भरते. चार माणसे तो उचलू शकत नाहीत, नुसता लोटू शकतात. हाच आकडा पुढे गाडी निवडताना उपयोगी पडतो.

शिडी ॲल्युमिनियमची घेऊ नये. ती हलकी असते, हा तिचा एकमेव गुण. या शहरात जवळजवळ प्रत्येक जुन्या झाडातून कुठली तरी तार गेलेली असते, त्यामुळे फायबरग्लासची शिडीच बरी, आणि तीसुद्धा कोरडी. ११ केव्हीच्या तारेच्या ३ मीटरच्या आत माणूस, दांड्याची करवत किंवा पडणारी फांदी येणार असेल, तर महावितरणकडून लेखी वेळ घेऊन वीज बंद करून घ्यावी. ‘लाइनमनला सांगितले आहे’ या शब्दावर कोणीही वर चढू नये.

आता गाडी. लहान कामांसाठी टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, हा पहिला विचार असतो, आणि महाल-इतवारीच्या गल्ल्यांसाठी तो योग्यही आहे. त्याची क्षमता सुमारे पाऊण टन असते, म्हणजे वर सांगितलेले दोन ओंडके बसतात, तिसरा टाकला की गाडी मर्यादेबाहेर जाते. बोलेरो पिकअपसारखी गाडी मॉडेलनुसार साधारण सव्वा ते पावणेदोन टन उचलते. तिच्यात सहा ओंडके ठेवले की १,६८० किलो झाले आणि फाळका अर्धा रिकामाच दिसतो. उलट त्याच फाळक्यात पानांसह फांद्या भरल्या तर डोक्यापर्यंत भरूनही वजन अर्धा-पाऊण टनाच्या वर जात नाही. लाकूड जागेच्या आधी वजनाने गाडी भरते आणि फांद्या वजनाच्या आधी जागेने भरतात. हे समजले की निवड सोपी होते: ज्याचे काम मुख्यतः छाटणीचे आहे त्याने जास्त टनांच्या गाडीवर पैसे घालण्यापेक्षा पिकअप घेऊन तिच्या बाजूंना आरटीओच्या नियमात बसतील अशा जाळीच्या उंच बाजू बसवून घ्याव्यात आणि वर झाकायला घट्ट जाळी घ्यावी. फांद्या फाळक्याच्या बाहेर लोंबत ठेवणे ही आपल्याकडची सवय आहे, पण २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात मर्यादेबाहेर माल काढल्याबद्दल ₹२०,००० दंड आहे, आणि जास्त वजनाला तेवढाच दंड अधिक दर जादा टनाला ₹२,०००. टाटा ४०७ सारखी मोठी गाडी घेण्याची वेळ तेव्हा येते, जेव्हा रोजच्या फेऱ्या तीनच्या वर जातात आणि डम्पिंगपर्यंतचा डिझेलचा खर्च दिसू लागतो.

टाकायची जागा आधी पक्की करावी. भांडेवाडीचे डम्पिंग यार्ड शहराच्या पूर्वेला आहे; त्रिमूर्तीनगर किंवा हिंगणा रोडवरून तिथे जाऊन परत येण्यातच अर्धा दिवस जातो. लाकूड विकत घेणारा वखारवाला, पाला घेणारी रोपवाटिका आणि आच्छादनासाठी चिप्स घेणारा काटोल-कळमेश्वरकडचा संत्राबागायतदार, असे तीन पत्ते हाताशी असले तर फेऱ्या निम्म्या होतात. सागाचे लाकूड मात्र वन विभागाच्या वाहतूक पासाशिवाय गाडीत चढवू नये. फांद्यांचा चुरा करणारा चिपर चार-पाच फेऱ्यांचा माल एका फेरीत आणतो, म्हणून तो मनात भरतो. पण रोज फांद्या मिळत नसतील तर त्याचे सुरे धारेला पाठवण्यातच कमाई जाते. पहिल्या दोन वर्षांत तो भाड्यानेच बरा. ट्रॅक्टरवर तो चालवायचा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याच्या कामाला लावता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

जुनी पिकअप घेताना रंगाकडे पाहू नये. गाडीखाली जाऊन चेसिसला वेल्डिंग केले आहे का, मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगचे) पान तुटले आहे का आणि फाळक्याच्या तळाला गंज किती आहे, एवढे पाहावे, कारण ओंडके टाकून टाकून गाडी तिथेच थकते. मग कागद: एमएच ३१, ४९ की ४०, ज्या कार्यालयाची नोंदणी असेल तिथून फिटनेस, परमिट आणि कर्जाचा बोजा तपासून घ्यावा. चालकासाठी हलक्या वाहनाचा परवाना ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीलाही चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. पैशांची अडचण असेल तर मुद्रा योजनेच्या किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते. त्यातून गाडी घ्यावी, दोर-हार्नेस मात्र स्वतःच्या पैशांनी आधीच घेतलेले असावेत.

हायड्रा (चाकांवरची क्रेन), जेसीबी आणि माणसाला वर नेणारी बकेट असलेली गाडी विकत घेण्याचा विचारही करू नये. ही तासावर मिळतात. हायड्राची १२-१४ टनांची क्षमता बूम, म्हणजे तिचा उचलणारा हात, जवळ असताना असते. बूम लांबवला की ती झपाट्याने उतरते, म्हणून चालकाकडून त्या अंतराचा तक्ता पाहून मगच ओंडक्याला पट्टा बांधावा. हायड्राच्या हुकला माणूस लटकवून फांदी कापण्याचा प्रकार मी शहरात अनेकदा पाहिला आहे. तिथे आपली माणसे पाठवू नयेत. जेसीबीने बुंधा उपटण्यापूर्वी पाण्याची पाइप आणि केबल कुठून गेली आहे ते घरमालकाकडून लिहून घ्यावे. पावसाळ्यात काळ्या मातीवर मोठे यंत्र उभे करायचे असेल तर त्याच्या पायांखाली जाड फळ्या टाकाव्यात, आणि आपल्या पिकअपमध्येही तशा दोन कायम असाव्यात, कारण रिकाम्या पिकअपचे मागचे चाक ओल्या प्लॉटवर जागच्या जागी फिरते.

राहिले गाडीच्या केबिनमधले सामान. रक्तस्राव थांबवणारी दाबपट्टी असलेली प्रथमोपचार पेटी सीटखाली न ठेवता दाराजवळ, पाण्याचा वीस लिटरचा कॅन सावलीत, पेट्रोलचा डबा मागे एका कोपऱ्यात बांधलेला आणि दोराची पिशवी त्याच्या विरुद्ध बाजूला. डॅशबोर्डवर एक दुर्बीण असावी. उंच झाडांच्या आडव्या फांद्यांखाली आग्या मोहोळ लटकलेले असते आणि खालून ते वाळलेल्या पानांचा गठ्ठा वाटते. गाडीतून उतरण्यापूर्वी दुर्बिणीने झाडाचा प्रत्येक मोठा खांदा पाहावा, आणि मोहोळ दिसले तर मशीन खाली न उतरवता घरमालकाला मोहोळ काढणारा गाठायला सांगून पुढच्या कामाकडे निघावे.